समान दाब आणि सामायिक तार

गिरगांवांतील केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हां मुंबईंत घरोघर वीज पोहोंचलेली नव्हती. आज गिरगांवापासून लालबाग-परळपर्यंत प्रत्येक मंडप भाद्रपदांत विजेनें उजळून निघतो. या रोषणाईंत विजेची जोडणी दोन प्रकारची असते. त्यांतील भेद श्रोत्यांनीं नीट समजून घेण्यासारखा आहे. कारण प्रसंगीं त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

पहिला प्रकार एकसर जोडणीचा. कित्येक तोरणांत दिवे फुलांप्रमाणें एकामागून एक ओंवलेले असतात. घरांत येणारा विजेचा दाब २३० व्होल्ट धरला आणि तोरणांत एकाच जातीचे ४६ दिवे असले, तर प्रत्येकाच्या वांट्यास ५ व्होल्ट येतात. एक दिवा निकामी झाला कीं सारें तोरण विझतें; कारण प्रवाहास वाट एकच. परंतु विझलेलें तोरण निर्धोक समजूं नये. प्रवाह थांबतांच इतर दिव्यांवरील दाब नाहींसा होतो आणि संपूर्ण २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागीं येऊन उभे राहतात. म्हणून विजेचा संबंध तोडल्यावांचून रिकाम्या खोबणीस हात लावूं नये.

दुसरा प्रकार समांतर जोडणीचा. चाळींतील खोल्यांचे दिवे, पंखे व शेगड्या दोन मुख्य तारांच्या मध्यें स्वतंत्रपणें जोडलेल्या असतात. म्हणून प्रत्येकास तोच दाब मिळतो. शेजारचा दिवा मालवला तरी आपला जळत राहतो. ३१ मार्च १९६४ पर्यंत मुंबईंत धांवणार्‍या ट्रामगाड्याही वरची तार व खालचे रूळ यांच्यामध्यें अशाच समांतर जोडलेल्या असत. एक गाडी दादरला उभी राहिली, तरी परळची अडत नसे.

दाब सारखा असला, तरी प्रवाह सारखा नसतो. २३ वॅटांच्या दिव्यास एकदशांश अँपिअर पुरतो, तर २,३०० वॅटांच्या शेगडीस १० अँपिअर लागतात. मुख्य तारेंतून या सर्वांची बेरीज वाहते. सकाळीं चाळींतील सारे नळ एकदम सुटले म्हणजे वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसेंच येथें घडतें. समजा, दोन्ही मुख्य तारांचा मिळून रोध अर्धा ओहम आहे. असे २० दिवे लागले असतां प्रवाह २ अँपिअर होतो व १ व्होल्ट तारेंतच खर्ची पडतो. दोन शेगड्या पेटल्या कीं प्रवाह सुमारें २० अँपिअर होतो, १० व्होल्ट वाटेंत जातात आणि खोल्यांस २२० उरतात. दिवे किंचित् मंदावतात. त्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. परंतु प्रवाह दसपट झाला म्हणजे तारेंतील उष्णता शंभरपट होते. पूर्वीं २ वॅट उष्णता होती, ती आतां २०० वॅट झाली. तार बारीक असेल, तर तिचें आवरण वितळून आग लागते.

हा अनर्थ टाळण्यासाठींच फ्यूजची बारीक तार असते. ती स्वतः वितळते आणि चाळ वांचवते. ती वारंवार जाते म्हणून तिच्या जागीं जाड तार बसवणें म्हणजे पहारेकरी हांकलून देणें होय. उत्सवापूर्वीं मंडपांतील सर्व उपकरणांच्या वॅटांची बेरीज करावी, ती मुख्य तारेस पेलेल कीं नाहीं हें जाणत्या तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें, आणि मगच रोषणाईस हात घालावा.