गळाचा दोर : निवड आणि निगा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह, नोकरी अशा विषयांवर दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. यंदा कार्यकारिणीने मजसारख्या केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शाळामास्तरास उभे केले आणि विषय दिला तो गळाच्या दोराचा. काही तरुण मंडळी गालातल्या गालात हसत आहेत, ते मला इथून दिसते आहे. परंतु ज्या ज्ञातीचे पोट पिढ्यानपिढ्या पाण्याने भरले, तिने आपल्या हातातील दोराचा विचार करावा, यात हसण्यासारखे काय आहे?

आज आपल्यात दोन वर्ग झाले आहेत. एक वर्ग अद्याप खाडीवर आणि किनाऱ्यावर हातदोर टाकून संसार चालवितो. दुसरा वर्ग कचेरीत नोकरी करतो आणि रविवारी हौसेने काठी घेऊन खडकावर किंवा तलावावर जातो. पहिल्याजवळ अनुभव आहे, पण बाजारात आलेल्या नव्या दोरांची माहिती नाही. दुसऱ्याजवळ माहिती आहे, पण ती वेष्टनावर छापलेली. दोघेही दुकानात जाऊन "चांगला दोर द्या" एवढेच म्हणतात. आपण शिंप्याकडे जाऊन "चांगले कापड शिवा" एवढेच म्हटले, तर तो विचारील, "कोणासाठी आणि कशासाठी?" दोराचेही तसेच आहे. कोणते पाणी, कोणता मासा, आणि दोर हाताने ओढायचा की रिळावरून, ही तीन उत्तरे घेऊन मगच दुकानाची पायरी चढावी.

हा विषय हलका नाही, याचा एक जुना दाखला देतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून गळाने मासे धरण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. राजाला जे शास्त्र शिकण्यात कमीपणा वाटला नाही, ते आपल्याला का वाटावे?

आपल्या पूर्वजांचे दोर सुताचे व तागाचे असत. ते कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून वाळवावे लागत. पुढे अमेरिकेत वॉलेस कॅरॉथर्स या शास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉनचा शोध लावला आणि काही वर्षांतच त्याची एकपदरी तार गळाला आली. तीच आपण ज्याला तंगूस म्हणतो ती. आज बाजारात मुख्यतः तीन जातींचे दोर मिळतात. पहिला हा तंगूस. दुसरा पॉलिइथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंचा विणलेला दोर, ज्याला मुले ब्रेड म्हणतात. तिसरा फ्लुरोकार्बनचा.

तंगुसाचा मुख्य गुण म्हणजे तो ताणला जातो. माशाने अकस्मात हिसका दिला, तर तो हिसका दोर स्वतःच्या अंगावर घेतो. खडकावर घासणेही तो बऱ्यापैकी सोसतो आणि स्वस्त मिळतो. दोष असे की, तो थोडे पाणी पितो व ओला झाला म्हणजे किंचित कमजोर होतो. उन्हाने कालांतराने ठिसूळ होतो. आणि रिळावर बराच काळ राहिला तर त्याला वेटोळ्यांची सवय लागते.

विणीचा दोर त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी बळकट असतो आणि जवळजवळ ताणलाच जात नाही. त्यामुळे पन्नास वाव लांब मासा आमिषाला नुसता हुंगला, तरी बोटाला कळते. परंतु हा दोर कालवांच्या धारेवर किंवा खडकाच्या कडेवर घासला, की पाहता पाहता तुटतो. पाण्यापेक्षा हलका असल्याने तो तरंगतो, आणि पाण्यात माशाला दिसतोही.

फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड, म्हणून बुडतो. प्रकाशाला वाकविण्याचे त्याचे प्रमाण १.४२ आहे; पाण्याचे १.३३ आणि नायलॉनचे त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून स्वच्छ पाण्यात तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. मात्र तो महाग आणि कडक. संपूर्ण रीळ त्याने भरण्याची गरज नाही; गळाजवळच्या वाव-दीड वाव तुकड्यापुरता तो पुरे.

आता थोडे गणित. माझा तो धर्मच आहे. दोराचे बळ त्याच्या जाडीवर नव्हे, तर जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. ०.२० मिलिमीटरचा तंगूस जेवढे ओझे सोसतो, त्याच्या सुमारे चौपट ओझे त्याच प्रतीचा ०.४० चा तंगूस सोसतो, दुप्पट नव्हे. उलट, प्रवाहाचा जोर दोरावर बसतो तो साधारणपणे जाडीच्या प्रमाणात. म्हणून भरतीच्या ओढीत विनाकारण जाड दोर घेतला, तर तेवढे अधिक शिसे लावावे लागते आणि माशाचा स्पर्श हाताला कळेनासा होतो. वेष्टनावरचा आकडा बहुधा पौंडात असतो. १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हे ध्यानात ठेवावे. रिळाचा ड्रॅग दोराच्या बळाच्या चतुर्थांश ते तृतीयांशावर सैल व्हावा असा लावावा, कारण गाठीत दोराचे बळ घटते आणि हिसक्याने ओझे वाढते.

यानंतर पाण्याप्रमाणे निवड पाहू. आपल्या खाड्यांचे पाणी गढूळ. तेथे दोर दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न गौण आहे; फ्लुरोकार्बनवर पैसा घालणे म्हणजे अंधारात आरसा लावणे. तेथे खरे शत्रू दोन : कांदळवनाची मुळे आणि माशाची शस्त्रे. तांबोशी गळाला लागली की सरळ मुळांत शिरते, म्हणून दोर तिला पहिल्याच झटक्यात अडविण्याइतका दमदार हवा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. बारीक दोरावर जिताडा लागला आणि त्याने मान झटकली, तर दोर गेलाच म्हणून समजावे. म्हणून रिळावर विणीचा दोर असला, तरी गळापाशी ४० पौंडी जाड तंगुसाचा वावभर तुकडा बांधलाच पाहिजे. याउलट मुडदुशी किंवा बोयटासारख्या लहान व सावध माशांना ०.२० ते ०.२५ चा मऊ तंगूस पुरतो. सुरमई किंवा बळा ह्या दातेरी माशांसाठी गळाजवळ वीतभर पोलादी तार असावी. दातांपुढे कोणताच धागा टिकत नाही.

गोड्या पाण्याची तऱ्हा निराळी. तलावात कणकेच्या गोळीवर रोहू किंवा मृगळ धरणाऱ्याने ०.२५ ते ०.३० चा तंगूस घ्यावा. मोठ्या कटल्यासाठी ०.३५ चा. तेथे तंगुसाचा ताणच उपयोगी पडतो, कारण ह्या माशांचे ओठ मऊ, आणि कडक दोराने ते फाटून मासा सुटतो. चिलापीला याहूनही बारीक दोर चालतो. मरळ मात्र कमळवेली आणि पाणगवतात राहते. तेथे विणीचा दोरच हवा, कारण तो देठ कापीत येतो आणि माशाला आत बुडी मारू देत नाही. सह्याद्रीतील नद्यांच्या खळाळत्या पाण्यात खडस, म्हणजेच महाशीर, राहतो. त्याच्यासाठी दोर बळकट, लांब आणि खडकाची घासणी सोसणारा असावा. परंतु हा मासा धरला तरी जिवंत सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याची संख्या राखण्यासाठी लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पिल्ले वाढविली जातात, आणि महाडजवळच्या वाळणकोंडीत तर वरदायिनी देवीचे म्हणून हे मासे पिढ्यानपिढ्या राखले आहेत. तेथे गळ काढण्याचे मनातही आणू नये. धरणांचे व तलावांचे मासेमारीचे हक्क पुष्कळदा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे परवानगीवाचून गळ टाकणे म्हणजे आपल्यासारख्याच गरीब मच्छीमाराच्या ताटात हात घालणे होय.

हातदोराविषयी विशेष सांगावयाचे आहे. शहरातून आलेल्या पुतण्याने काकांना विणीचा बारीक दोर भेट द्यावा आणि काकांनी तो हातदोराला लावावा, असे अलीकडे घडू लागले आहे. भेटीमागील प्रेम खरे, पण वस्तू घातक. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असा दोर बोटाला वेढा देऊन धरला होता. मोठा मासा लागला, वेढा आवळला, आणि दोर मांसातून हाडापर्यंत गेला. बोट वाचले, पण ते वाकत नाही, आणि त्या हाताने आता वल्हे धरवत नाही. हातदोराला पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा तंगूसच योग्य. तो हाताला पकड देतो आणि कापीत नाही. आणि दोर कोणताही असो, हाताला, बोटाला किंवा पायाला त्याचा वेढा कधीही घेऊ नये. आपल्या आज्यांनी हे सांगितले होते. नवा दोर आल्याने ते अधिकच खरे झाले आहे.

निगेबद्दल थोडक्यात सांगतो. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी, म्हणजे घर्षणाने दोर जळत नाही. विणीचा दोर निसरडा असतो. त्याच्या गाठीला वेढे अधिक द्यावेत. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रीळ व दोर गोड्या पाण्याने विसळून सावलीत वाळवावा. प्रत्येक फेरीपूर्वी शेवटचा वावभर दोर चिमटीतून ओढून पाहावा; खरखर लागली तर तेवढा कापून टाकावा. दोन रुपयांचा दोर वाचविण्यासाठी दिवसाची कमाई घालवू नये.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा. दोर तुटला म्हणजे मासा सुटला, असे आपण म्हणतो. तसे नेहमी नसते. तोंडात गळ आणि मागे ओढत जाणारा दोर घेऊन तो मुळांत अडकतो आणि उपाशी मरतो. ना आपल्या कामाचा, ना दर्याच्या. म्हणून माशाहून हलका दोर वापरून फुशारकी मारणे हा पराक्रम नसून अपव्यय आहे. सुताचा दोर पाण्यात कुजून जात असे. नायलॉनचा तसा कुजत नाही, पिढ्या लोटल्या तरी राहतो. कांदळवनात टाकून दिलेल्या तंगुसाच्या गुंत्यात पाय अडकून उलटा लटकलेला बगळा मी पाहिला आहे, आणि ज्यांनी तो पाहिला त्या मुलांनी पुन्हा कधी दोर खाडीत टाकला नाही. तुटके तुकडे खिशात घालून घरी आणावेत, बारीक कापावेत आणि कचऱ्यात द्यावेत. याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. केवळ सवय लागते.

मंडळाला माझी एकच नम्र सूचना आहे. आपल्यात हातदोरावर उभे आयुष्य काढलेले वृद्ध अजून आहेत. कोणत्या खाडीत, कोणत्या भरतीला, किती वावावर कोणता मासा लागतो, हे त्यांच्या मुखी आहे. ते कोठेही छापलेले नाही. मुलांनी सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि ते उतरवून घ्यावे. पुढल्या अंकात तशी दोन पाने आली, तर आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.