तक्त्यात कडब्याचा रकाना कुठे आहे?

(कापूस व ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून चार वक्ते बोलले आणि चौघांनीही कृषी विद्यापीठांना शिव्या घातल्या. टाळ्याही भरपूर पडल्या. आता उभा राहिलेला मी अशाच एका विद्यापीठाची पदवी घेतलेला माणूस. तेव्हा टाळ्यांची अपेक्षा न ठेवता बोलतो.

शिव्या घालण्यासारखे पुष्कळ आहे, नाही असे नाही. पण शिव्या घालून घरी गेलो तर येत्या खरिपात आपल्या वावरात काय बदलणार? संशोधन तिकडे कपाटात आणि आपण इकडे दुकानदाराच्या दारात. तो देईल ते बियाणे, तो सांगेल ते औषध. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे मेली. त्या फवाऱ्यात काय काय मिसळायचे हा सल्ला किती जणांना शास्त्रज्ञाने दिला होता आणि किती जणांना दुकानाच्या गल्ल्यावरून मिळाला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात ज्वारीच्या सुधारित वाणाचे प्रात्यक्षिक माझ्याकडे होते. कापणी झाली, मळणी झाली, दाणे तोलले, तक्ता भरला. शेजारच्या गावरान ज्वारीपेक्षा उतारा चांगला निघाला. मी खुशीत. ज्या आजीचे ते शेत होते ती म्हणाली, "साहेब, कडबा कुठं लिवला?" तक्त्यात कडब्याचा रकानाच नव्हता. मी म्हटले, आजी, तो लिहायचा नसतो. "मग तुमच्या कागदावर बैलं उपाशीच ऱ्हायची म्हना," ती म्हणाली. पुढच्या वर्षी तिने जुनीच ज्वारी पेरली. माझ्या अहवालात मात्र प्रात्यक्षिक यशस्वी!

हा रकाना फार महागात पडला आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पण ताट बुटके, कडबा कमी, आणि कणीस पावसात सापडले की दाणे काळे. काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारतो? पुढे सोयाबीन आले आणि खरिपाची ज्वारी वावरातून निघून गेली. आता दुसरीकडे मालदांडी बघा. मोहोळच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्याच मालदांडीतून निवडून काढलेला एम ३५-१ हा वाण स्वातंत्र्याच्या आधीचा, आणि अजून रब्बीत पेरला जातो. कारण भाकरीही चांगली आणि कडबाही चांगला. फुले वसुधा, परभणी मोती हे रब्बीचे वाणही दाणा आणि कडबा दोन्ही देतात. म्हणजे शास्त्रज्ञांना समजत नाही असे नाही. प्रश्न कुणी तरी कानावर घालावा लागतो.

कापसाचे पाहा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४, आपण ज्याला नांदेड-४४ म्हणतो, ते कोरडवाहूत गावोगाव पोचले होते. रस शोषणाऱ्या किडीला बऱ्यापैकी तोंड द्यायचे, ताण पडून पुन्हा पाऊस आला की पुन्हा पालवायचे. २००२ मध्ये बीटी आले ते कंपन्यांच्या संकरित वाणांत. नांदेड-४४ बीटी होऊन यायला त्यानंतर पंधराएक वर्षे लागली. तोवर गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली होती! हा उशीर होत असताना आपण विद्यापीठाच्या दारात किती वेळा गेलो? भावासाठी रस्ते अडवले, रेल्वे अडवली, ते बरोबरच होते. बियाण्यासाठी एकदा तरी गेलो का?

आता बोंडअळीवर येतो, कारण आपल्याशिवाय शास्त्रज्ञाचे पान हलत नाही ते इथे. त्यांची शिफारस पाठ झाली असेल. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा, सलग ३ रात्री सापळ्यात ८ पतंग आले तर फवारा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, डिसेंबर-जानेवारीपर्यंत कापूस उपटा, फरदड ठेवू नका. शिफारस चूक नाही. पण मी एकट्याने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत उभी ठेवली, तर माझ्या उपटण्याचा उपयोग काय? अळीला बांध दिसत नाही. आणि शेजारी फरदड का ठेवतो? हौस म्हणून नाही. लावणीपासून वेचणीपर्यंतचा खर्च अंगावर असतो, आणखी दोन क्विंटल निघाले तर मजुरी तरी सुटेल म्हणून ठेवतो. हा हिशेब शिफारशीच्या कागदावर नसतो. शिवाय जिनिंगमध्ये पडलेल्या कापसातूनही पतंग उठतात. सगळे गाव एका आठवड्यात उपटेल आणि जिनिंगवालाही सापळे लावील, हे विद्यापीठाला जमणारे काम नव्हे. त्यांच्याकडे संघटना नाही. ती आपल्याकडे आहे.

शास्त्रज्ञाची अडचणही ऐका. त्याची बढती छापलेल्या निबंधांवर ठरते, तुमच्या उताऱ्यावर नाही. प्रकल्पाचा पैसा दोन-तीन वर्षांत संपतो. गाडीला डिझेल मिळेलच असे नाही. आणि तो गावात आला की आपण काय करतो? हार, नारळ, जेवण, फोटो. प्रश्न एकही नाही. तो खूश होऊन जातो आणि आपण म्हणतो, काही कामाचा नाही!

हार बंद करा. त्याऐवजी वावर द्या. बागायती, भारी जमीन नको, ती त्यांच्याकडे आहे. आपली मुरमाड, बिनपाण्याची एक एकर द्या. अट एकच, हिशेब दोघांनी लिहायचा. निंदणीचे दिवस, वेचणीची मजुरी, बियाण्याची पिशवी, कडब्याच्या पेंढ्या, सगळे. घरातल्या बाईला विचारून लिहा, वेचणी-निंदणीचा हिशेब तिच्याजवळ पक्का असतो. काही फायद्याचे निघाले तर किती शेतकऱ्यांनी, किती एकरांवर केले, काय वाचले, हे आकड्यांसह सह्या-अंगठ्यांनिशी त्या शास्त्रज्ञाला लिहून द्या. ते पत्र त्याच्या फाईलला लागेल, पुढचा पैसा मागताना त्याला उपयोगी पडेल. फसले तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहून द्या. चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक दरवर्षी भरते, वाण आणि शिफारशी तिथे मंजूर होतात. आपले कागद तिथे टेबलावर असले पाहिजेत.

कृषी विज्ञान केंद्रात शास्त्रीय सल्लागार समिती असते. तिच्यात शेतकरी प्रतिनिधी असतात. आपल्या जिल्ह्याचे कोण आहेत, ठाऊक असलेल्यांनी हात वर करा. ... दोन. एवढ्या मंडपात दोन हात! त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावे. पुढच्या बैठकीत कोरडवाहूचे कोणते प्रश्न मांडायचे ते आजच ठरवू.

दाराशी वही ठेवली आहे. वावर देणाऱ्यांनी गाव, जमिनीचा प्रकार, गेल्या ३ वर्षांतला कापसाचा उतारा आणि ज्वारी असेल तर दाणा व कडबा लिहावा. पेंढ्यांचा आकडा टाकल्याशिवाय नाव घेऊ नका, असे वहीवर बसलेल्या पोरांना सांगून ठेवले आहे.