पनवेल : नगरपालिका ते महानगरपालिका

पनवेलची नगरपालिका 1852 सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तेव्हा मुंबईचा माल गलबतांनी पनवेलच्या खाडीत उतरे आणि बैलगाड्यांनी बोरघाट चढून पुण्याकडे जाई. साहजिकच गाड्यांची चाके बनवणे हा इथला नामांकित धंदा. 1863 साली घाटातून रेल्वे सुरू झाली, ती कर्जतमार्गे. पनवेल बाजूला पडले.

पुढे तळोजे औद्योगिक वसाहत आली. 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या नगरविकास महामंडळाने खारघर, कळंबोली, कामोठे ही उपनगरे वसवली. नव्या वसाहती सिडकोच्या, जुने शहर मात्र नगरपालिकेचे, असा दुहेरी कारभार बरीच वर्षे चालला.

1 ऑक्टोबर 2016 रोजी नगरपालिका, सिडको वसाहती आणि 29 गावे मिळून रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका झाली. 2017 साली 78 नगरसेवक निवडून आले. अमेरिकेतल्या अनेक शहरांत महापौरच प्रशासन चालवतो. इथे ते अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण मात्र महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहिले. महामार्गाला लागून असूनही तिथला कारभार ग्रामपंचायतीकडेच ठेवण्यात आला.