भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे



बिहारमधील रुदुल साह यास मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरविले. त्याची सुटका झाली १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष ठरल्यानंतर १४ वर्षे हा मनुष्य तुरुंगात होता! तो वेडा होता, अशी सबब शासनाने पुढे केली. तिला आधार नव्हता. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने, आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देण्याचा हुकूम बिहार सरकारला केला. मूलभूत हक्क पायदळी तुडविला गेल्यास भरपाईचा आदेश थेट सर्वोच्च न्यायालय देऊ शकते, हे या निकालाने प्रस्थापित झाले. त्याचे मोल मोठे आहे.

परंतु भरपाई ज्या तिजोरीतून जाते, ती कोणाची? काडेपेटी विकत घेणारा शेतमजूरही त्या तिजोरीत कर भरतो. शासन हवे तर संबंधित अधिकाऱ्यांकडून वसुली करू शकेल, असे त्याच निकालात म्हटले होते. ते ‘हवे तर’ शासनाच्याच मर्जीवर राहिले. पीडितांनी दिलेल्या करातून पीडितांची भरपाई होते आणि कायदा मोडणाऱ्या हाताला झळही लागत नाही, असा हा व्यवहार आहे.

कायद्यात शिक्षेची तरतूदच नाही, असे मात्र नव्हे. कोणास इजा पोहोचविण्याच्या हेतूने कायद्याचा आदेश जाणूनबुजून मोडणारा लोकसेवक १८६० च्या दंडसंहितेच्या १६६ व्या कलमाने गुन्हेगार ठरत असे. बेकायदा आहे हे ठाऊक असून दुष्ट हेतूने एखाद्यास डांबून ठेवल्यास २२० व्या कलमान्वये ७ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे १९८ व २५८ या कलमांत आहेत.

मग अडते कोठे? सरकारच्या मंजुरीवाचून ज्यास पदावरून दूर करता येत नाही, अशा अधिकाऱ्यावर कर्तव्याच्या ओघात घडलेल्या कृत्याबद्दल खटला चालवावयाचा, तर सरकारची पूर्वसंमती लागते. प्रामाणिक अधिकाऱ्यास खोट्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हे समाजवाद्यांनाही मान्य असले पाहिजे. निर्णय चुकणे हा गुन्हा नव्हे. परंतु वरिष्ठांच्या इशाऱ्यावरून जेव्हा कायदा मोडला जातो, तेव्हा संमती देणारे आणि इशारा करणारे एकाच पंक्तीला बसलेले असतात. कुलूप ज्याचे, किल्लीही त्याचीच!

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमाने एक फट पाडली आहे. १२० दिवसांत सरकारने निर्णय न दिल्यास संमती मिळाली असे मानले जाते. मात्र नकार देण्याचा अधिकार कायम आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरे पाडण्याच्या कारवाईबाबत दिलेला निकाल याहून पुढे जातो. न्यायालयाचे निर्देश मोडून घर पाडल्यास ते पुन्हा उभारण्याचा खर्च संबंधित अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून द्यावयाचा आहे.

या तरतुदी आपोआप चालत नाहीत. तक्रार लेखी हवी, पोच हवी, हुकमावर सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा हवा, आणि १२० दिवसांची मोजणी कोणीतरी ठेवावयास हवी. मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्याने ही वहीही ठेवली पाहिजे. ‘शासन’ कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहत नाही. उभा राहतो तो सही करणारा माणूस.