साठीनंतर मुलांकडे वळलेला व्यंगचित्रकार

विल्यम स्टाइग यांचा जन्म १९०७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील घरे रंगवीत, आई शिवणकाम करी. दोघेही समाजवादी विचारांची. मुले मजूर झाली तर त्यांची पिळवणूक होणार, व्यापारी झाली तर ती इतरांची पिळवणूक करणार. तेव्हा उरली ती कला! हा हिशेब मोठा गमतीचा खरा, परंतु पुढे त्यावरच घर तरले. मंदीत वडिलांचे उत्पन्न आटले आणि १९३० साली विल्यमने ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाला व्यंगचित्रे विकण्यास आरंभ केला. त्या एका साप्ताहिकात त्यांची १,६०० हून अधिक चित्रे प्रसिद्ध झाली.

पोटासाठी जाहिरातींची चित्रेही काढावी लागत, आणि त्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. रॉबर्ट क्राउस या व्यंगचित्रकार मित्राने प्रकाशनसंस्था काढून त्यांना मुलांसाठी पुस्तक करण्यास सुचविले, तेव्हा ही सुटकेची वाट त्यांनी आनंदाने धरली. १९६८ साली पहिली पुस्तके निघाली, त्या वेळी ते साठीला पोचले होते.

१९६९ च्या ‘सिल्व्हेस्टर अँड द मॅजिक पेबल’मध्ये एका गाढवाच्या पोराला इच्छापूर्ती करणारा खडा सापडतो. वाटेत सिंह दिसताच तो घाबरून ‘मी शिळा व्हावे’ असे म्हणतो, आणि खरोखरच शिळा होतो. खडा शेजारीच पडलेला, पण शिळेला हात कोठले? आईबाप रानोमाळ शोधतात, हिवाळा सरतो, अखेर त्याच शिळेवर ती दोघे फराळाला बसतात. इतक्या जवळ असूनही मुलाला हाक मारता येत नाही, हे दुःख स्टाइग कोणताही उपदेश न करता बालवाचकापुढे ठेवतात. पुढे बापाला तो खडा दिसतो, तो शिळेवर ठेवला जातो आणि मुलगा आईबापांना परत मिळतो.

१९७० साली या पुस्तकास कॅल्डिकॉट पदक मिळाले. परंतु चित्रांत पोलीस डुकरांच्या रूपात होते. ‘डुक्कर’ ही त्या काळी अमेरिकेत पोलिसांना दिली जाणारी शिवी. पोलिसांच्या संघटना संतापल्या. काही ग्रंथालयांनी पुस्तक काढून टाकले. नायकच गाढव आहे, हे मात्र कोणास खटकले नाही!

१९९० साली त्यांचे ‘श्रेक’ आले. २००१ मधील चित्रपटाने ते नाव जगभर नेले. २००३ साली बोस्टन येथे पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. त्याच वर्षी निघालेल्या ‘व्हेन एव्हरीबडी वोर अ हॅट’ या पुस्तकात त्यांनी आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी १९१६ सालचे आपले घर रेखाटले आहे.