रताळ्याची ओळख

नरखेड तालुका म्हटला की संत्रा आठवतो. आंबिया बहार कोणता आणि मृग बहार कोणता, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. पण महाशिवरात्रीच्या बाजारात रताळ्याचा वाण विचारला, तर विकणारी मावशी हसते. "काय पुसता भाऊ, एक लाल अन् एक पांढरं. त्याले अजून कायचं नाव?"

मावशीचं चुकतं ते इथेच. साल लाल म्हणून आतला गर लाल नसतो. लाल सालीच्या पोटी पांढरा, पिवळा किंवा नारिंगीही गर निघतो. म्हणून रताळं ओळखायचं तर आधी ते कापावं. मग शिजवून खावं. एक पिठूळ होऊन घशात अडकतं, दुसरं ओलसर, मधासारखं गोड लागतं.

वेलाचीही ओळख असते. काही वाणांचं पान अखंड, बदामाच्या आकाराचं, तर काहींचं पंजासारखं चिरलेलं. कोवळा शेंडा काहींचा हिरवा, काहींचा जांभळट. मात्र एकाच वेलावर लहानमोठी, वेगळाल्या आकाराची पानं असतात. म्हणून शेंड्याचं किंवा बुडाचं पान न घेता वेलाच्या मधलं पान पाहावं. फूल पाहाल तर नाल्याकाठच्या बेशरमाची आठवण येईल. दोघं एकाच कुळातले. बटाट्याशी मात्र रताळ्याचं जवळचं नातं नाही. तसंच आतून जांभळं दिसलं म्हणून कोनफळाला रताळं समजू नये. त्याचं कुळ निराळं.

एवढी ओळख कशाला हवी, असं आपण म्हणाल. ती मला माझ्या मायनं शिकवली.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीला महापूर आला. मोवाड उद्ध्वस्त झालं, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या दुःखापुढे आमचं नुकसान सांगण्याजोगं नव्हतं. नदीकाठची आमची वाडी खरवडून गेली आणि तिच्यासोबत मायचं रताळंही. रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते. बियाण्यासारखं ते मडक्यात भरून ठेवता येत नाही. वेल गेला की वाण गेला.

मायनं तेच वेल पूर्वी आपल्या भाचीला दिले होते. पाऊस ओसरल्यावर आम्ही तिच्या गावी गेलो. पाहतो तर तिच्या वाफ्यात दोन वाण एकमेकांत गुंतलेले. भाची म्हणाली, "मावशी, सारे सारखेच तं दिसते." माय खाली बसली. मधली पानं उलटून पाहिली, शेंडे हातात घेतले आणि चिरलेल्या पानाचे, जांभळट शेंड्याचे वेल तेवढे वेगळे काढले. तरी तिची खात्री होईना. तिनं दुसऱ्याही वेलाचे तुकडे घेतले आणि घरामागे दोन वेगळ्या सऱ्यांवर लावले. चार महिन्यांनी खणलं, कापलं, उकडलं. पहिल्या सरीचं रताळं आतून फिकट पिवळं आणि ओलसर निघालं. माय एवढंच म्हणाली, "आपलंच हाय."

आज संशोधकही हेच करतात, फक्त नीट नोंदी ठेवून. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनं नारिंगी गराचं 'भू सोना' आणि जांभळ्या गराचं 'भू कृष्णा' हे वाण दिले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण अश्विनी' आहे. नारिंगी गरात बीटा कॅरोटिन असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. पांढऱ्या गरात ते नसल्यातच जमा. आफ्रिकेतल्या मुलांपर्यंत नारिंगी रताळं पोहोचवण्याच्या कामाला २०१६ साली जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळाला. म्हणजे गराचा रंग हा नुसता शोभेचा प्रश्न नाही.

नवे वाण जरूर लावा. पण त्यांची सरी वेगळी ठेवा आणि घरच्या वेलाचे चार तुकडे शेजारी, नात्यात देऊन ठेवा. मायनं भाचीला वेल दिले, तेव्हा पूर येणार हे तिला कुठं ठाऊक होतं? पण दिले होते, म्हणूनच ते परत आले.