पिनांगचे शिरवाळे

आमच्या घरातलं एक भांडण पंचेचाळीस वर्षं मिटलं नव्हतं. भांडण शिरवाळ्यांचं.

वडील बोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. बाणकोट खाडीच्या आमच्या बाजूला मुसलमान घरांतला एखादा तरी माणूस असा दर्यावर असायचाच. १९७८ सालच्या ईदला ते रजेवर आले होते. आईने पहाटे उठून तांदळाच्या उकडीचे शिरवाळे लाकडी साच्यातून पाडले, नारळाच्या दुधात गूळ विरघळवून रस केला. वडील पहिला घास खाऊन म्हणाले, "पिनांगला असेच मिळतात. तिथे रस नसतो, नुसता चव आणि साखर घालून देतात."

आईचा वाढता हात थांबला. शिरवाळे काही बाजारात मिळत नाहीत. ते घरात करायचे असतात. एकीने साचा दाबायचा, दुसरीने खाली ताट धरायचं. म्हणजे तिकडे कुणीतरी घर मांडून बसली आहे. तिने एवढंच विचारलं, "कोण करून घालते?" वडिलांनी शपथा घेतल्या. उपयोग झाला नाही. ते घरी असले की साचा माळ्यावरून खाली येत नसे. २००१ साली ते गेले. साचा माळ्यावरच राहिला.

पुतण्या क्वालालंपूरला नोकरीला आहे. २०२४ मध्ये त्याच्याकडे गेलो, तेव्हा दोन दिवस काढून पिनांग गाठलं. बेटावर जायला मोठा पूल आहे, पण मी मुद्दाम बटरवर्थहून फेरीबोट धरली. वडील याच पाण्यातून आले असतील, एवढंच कारण.

पिनांग बेटावरचं जॉर्ज टाउन हे इंग्रजांच्या कंपनीने १७८६ साली वसवलेलं बंदर. २००८ पासून मलाक्क्याच्या जोडीने ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण त्याचं खरं रूप बाजाराचं. एकाच रस्त्यावर इंग्रजांचं चर्च, चिन्यांचं क्वान यिन देवीचं देऊळ आणि तमिळ मुसलमानांची कापितान केलिंग मशीद. मारीअम्मनचं देऊळ शेजारच्याच गल्लीत. तमिळ मुसलमानांना इथे 'चुलिया' म्हणत, त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. त्यावर नागूरच्या अवलियाचं स्मारक आहे. हा अवलिया दर्यावर्दींचा राखणदार समजला जातो. तिथे मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

दुपारी भूक लागली म्हणून 'नासी कांदार' खाल्लं. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी हे तमिळ मुसलमान कावडीच्या एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण घेऊन बंदरावर विकत फिरत. आता कावड गेली, नाव राहिलं. भातावर चार-पाच तऱ्हेचे रस्से एकमेकांत मिसळून ओततात. त्याला 'बांजिर' म्हणजे पूर म्हणतात. नाव अगदी खरं आहे. ताटात भाताची बेटं तेवढी शिल्लक राहतात.

वाढणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "मुंबईचे मुसलमान, म्हणजे उर्दू?" मी म्हटलं, "नाही, मराठी. कविताही मराठीतच लिहितो." आपल्याकडे या वाक्यानंतर मला निदान पाच मिनिटं खुलासा करावा लागतो. कधी आपल्याच माणसांपुढे, कधी दुसऱ्यांपुढे. म्हातारा म्हणाला, "आम्ही तमिळ," आणि माशाचा आणखी एक तुकडा वाढून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. इतक्या थोडक्यात माझी सुटका आजवर कोणी केली नव्हती.

संध्याकाळी लेबू पसारवर फिरलो. लेबू पसार म्हणजे बाजाररस्ता. मिठाईच्या दुकानांतून जिलबी, लाडू, पालकोवा. 'अधिरसम' म्हणून जे ठेवलं होतं ते आपल्या अनारशाचं सख्खं भावंड, फक्त अंगावर खसखस नाही. 'मुरुक्कू' म्हणजे चकली. ती ईदला, दिवाळीला आणि चिनी नववर्षालाही लागते म्हणे. मलय भाषेत साखरेला 'गुला' म्हणतात. आपला गूळच तो, समुद्र ओलांडून गेलेला. मधाला 'मादू', चवीला 'रासा', लोणच्याला 'आचार'. मला ही यादी जिलबीपेक्षा गोड लागली, पण तो कवीचा दोष समजावा.

शिरवाळे मात्र कुठेच दिसले नाहीत. तमिळमध्ये त्यांना काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं आणि हातवारे करून शेवया दाखवल्या की लोक नूडल्सच्या गाडीकडे बोट दाखवत. झोपताना वाटलं, आईचंच खरं असेल. वडिलांबद्दल असं वाटावं याची लाज वाटली, आणि झोपही लागली नाही.

सकाळी लवकर बाहेर पडलो. एका कोपऱ्यावर भोंगा वाजला. मोटरसायकलच्या मागे डबा बांधलेला एक तमिळ माणूस उभा होता. त्याच्यापुढे नातवाला शाळेत सोडायला निघालेली चिनी आजी, तिच्यामागे डोकं झाकलेली मलय बाई. त्याने डबा उघडला आणि वाफ आली. पांढऱ्या शुभ्र चकत्या! त्याने कागदावर दोन ठेवल्या, वर ओल्या नारळाचा चव आणि तांबूस साखर. रस नाही. 'पुतू मायम', तो म्हणाला.

मी फुटपाथच्या कडेवर बसून खाल्लं. साखर दाताखाली करकरत होती. वडिलांनी त्या एका वाक्यात काही लपवलं नव्हतं आणि काही वाढवलंही नव्हतं.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिथूनच तिला फोन लावला. आधी चव सांगितला, मग साखर, मग डबा आणि भोंगा. पलीकडे ती इतका वेळ गप्प होती की फोन तुटला असं मला वाटलं.

मग तिने विचारलं, "विकणारा बाप्या होता का बाई?"

"बाप्या," मी म्हटलं. "मिशा होत्या."

"बरं," ती म्हणाली. "येशील तेव्हा साचा खाली काढून दे. वाळवी लागली असेल तर सुताराला बोलाव."